मेंदूला हादरा बसला म्हणून मुलाचा फुटबॉल बंद केला. चुकलं का?

वाळवंटीकाठची
आम्ही गोव्यात साखळीजवळ राहतो. मुलगा बारा वर्षांचा, तीन वर्षं रोज संध्याकाळी गावच्या मैदानावर फुटबॉल खेळत होता. मागच्या महिन्यात कॉर्नरला उडी मारताना दुसऱ्या मुलाचं डोकं त्याच्या कानशिलावर आदळलं. मी तिथेच होते. तो लगेच उठला, चालायलाही लागला, पण आपल्याच गोलकडे तोंड करून उभा राहिला. पोरं हसली. कोचनी तोंडावर पाणी मारलं, "बरा आहेस ना रे?" विचारलं. त्याने मान हलवली आणि परत आत गेला. त्या रात्री दोनदा उलटी. इस्पितळात नेलं तर स्कॅन साफ, पण डॉक्टर म्हणाले मेंदूला हादरा बसलाय, कन्कशन. दहा दिवस पुस्तक उघडलं की अक्षरं हलतात म्हणायचा.

मी खेळ बंद केला. नवरा म्हणतो, अति करतेस. पण आमच्या वाड्यावरून दोन वर्षांपूर्वी चौदा मुलं जायची, आता सहा जातात, आणि बाकीच्या आया हेच बोलतात. अमेरिकेत २०१५ मध्येच दहा वर्षांपर्यंतच्या मुलांचं हेडिंग, म्हणजे डोक्याने बॉल मारणं, बंद केलं. इंग्लंडमध्ये २०२० पासून प्राथमिक शाळेच्या वयाच्या मुलांना सरावात हेडिंग देत नाहीत. तिथला फुटबॉल काही बुडाला नाही. आपल्याकडे मात्र यावर कोणी चकार शब्द काढत नाही. तुम्ही काय केलं असतं?

फोंड्याचा स्टॉपर
ताई, मुलगा बरा आहे हे वाचून आधी जिवात जीव आला. आता भांडतो.

वीस वर्षं स्टॉपर, म्हणजे गोलसमोरचा मधला बचावपटू, म्हणून खेळलोय. पावसात भिजून धोंडा झालेला बॉल कपाळावर घेतलाय. अजून बायकोचा वाढदिवस लक्षात राहतो (ती नाही म्हणेल). २०१२ मध्ये सरकारने फुटबॉलला राज्याचा खेळ केलं, आणि आता संध्याकाळी सहा वाजताच्या एका बॅचला मुलं जमवताना माझा जीव जातो. दर आठवड्याला कोणी ना कोणी आई विचारते, "सर, हेडिंगने काही होत नाही ना?" विचारते कुठून, तर स्कूटरवरून. पुढे एक पोर उभं, मागे एक बसलेलं, तिघांच्याही डोक्यावर हेल्मेट नाही. आधी त्या डोक्यांचं बघा.

हाडवैदू
स्कूटरचं म्हणणं शंभर टक्के मान्य. पण स्टॉपरबाब, पाणी मारून परत आत पाठवण्याचं काय?

मी फिजिओ आहे, म्हणून जरा लांबण लावतो. कन्कशनमध्ये स्कॅन साफच येतो बहुतेक वेळा. स्कॅन रक्तस्राव आणि फ्रॅक्चर शोधायला असतो. शुद्ध हरपायलाच हवी असंही नाही, बहुतेकांची हरपत नाही. आपला गोल कुठला हे कळेना, तिथेच त्या मुलाला बाहेर बसवायला हवं होतं, आणि त्या दिवशी परत आत घ्यायचंच नाही. आधी एक-दोन दिवस विश्रांती. तीही अंधाऱ्या खोलीत कोंडून नाही, घरात हिंडूफिरू द्यायचं, मोबाईल कमी. मग चालणं, शाळा, हलकं धावणं, एकट्याने बॉल. त्रास परत झाला की एक पायरी मागे. धक्काबुक्की सगळ्यात शेवटी, तीही डॉक्टरनी हो म्हटल्यावर. पहिला हादरा भरून येण्याआधी दुसरा बसला तर कोवळ्या वयात मेंदूला सूज येऊन जिवावर बेतू शकतं. क्वचित होतं, पण होतं.

ताई, खेळ बंद करण्याइतकं फुटबॉलने काही केलेलं नाही. चूक त्या पाण्याच्या बाटलीची.

फोंड्याचा स्टॉपर
बोलायला सोपं आहे. गावचा कोच कोण? दिवसभर दुकान सांभाळून पदरचं पेट्रोल जाळून येणारा माणूस. त्याच्याकडे बर्फसुद्धा समोरच्या बारमधून येतो. तो काय मेंदू तपासणार?

हाडवैदू
मेंदू नको तपासायला. "स्कोअर किती? शेवटचा गोल कोणी मारला? कोणाशी खेळतोय आपण?" एवढंच विचारायचं. अडखळला की बाहेर. बरोबर सांगितलं तरी डोकं दुखतंय, गरगरतंय म्हणाला की बाहेरच. याला डिग्री लागत नाही.

पेडण्याची चढाई
सगळे फुटबॉलवरच का अडलात? मी कबड्डी खेळायचे. चढाईत घोटा धरला की माणूस मागे पडतो आणि डोक्याची मागची बाजू आपटते. मॅटवर जरा बरं. आमच्या वेळी तांबडी माती, एप्रिलमध्ये दगडासारखी. दोनदा आपटलं. दुसऱ्यांदा समोरच्या मुली दोन-दोन दिसत होत्या. दुसऱ्या दिवशी निवड होती म्हणून कोणाला सांगितलं नाही. कोणी विचारलंही नाही. विचारलं असतं तरी मी खोटंच बोलले असते. म्हणून हाडवैदूंचे तीन प्रश्न मला थोडे भाबडे वाटतात. निवड हुकणार नाही हे माहीत असल्याशिवाय पोर खरं बोलत नाही.

अर्धाकच्चा
ग्लासगो विद्यापीठाचा २०१९ चा अभ्यास कोणी काढलाच नाही. स्कॉटलंडचे साडेसात हजारांवर माजी व्यावसायिक खेळाडू तपासले. मेंदू झिजण्याच्या आजारांनी मरण्याचं प्रमाण इतरांच्या साडेतीन पट. पुढच्या अहवालात बचावपटूंना धोका सर्वांत जास्त, गोलकीपरना जवळजवळ इतर लोकांइतकाच. स्टॉपरबाब, तुमची जागा बघा.

फोंड्याचा स्टॉपर
त्याच अभ्यासाचं दुसरं पान वाचलंत का? त्याच खेळाडूंत हृदयविकार आणि फुप्फुसाच्या कॅन्सरने मरणारे इतरांपेक्षा कमी. सोफ्यावर बसून मोबाईल बघणाऱ्या पोराचं हृदय कोण तपासतंय?

अर्धाकच्चा
हे बरोबर. आणि तो अभ्यास जुन्या काळच्या व्यावसायिक पुरुषांचा. साखळीच्या सातवीतल्या मुलाला तो जसाच्या तसा ना तुम्हाला लावता येतो, ना मला.

मडगांवकार
आमच्या मडगांवकडे, सासष्टीत भीतीबीती काही नाही हो. मैदानं गेली, त्याचं बोला. शेतात कापणी झाली की गोल उभे राहायचे, तिथे आता प्लॉटचे खांब. उरलेला वेळ ट्युशनला. आणि डेंपो क्लबचा ब्राझिलियन खेळाडू क्रिस्तियानो ज्युनियर २००४ मध्ये बंगळुरूला फेडरेशन कपच्या फायनलमध्ये गोल मारून मैदानावर कोसळला, गेला, तेव्हाही आम्ही खेळणं सोडलं नाही.

हाडवैदू
ज्युनियरचं हृदय बंद पडलं होतं, डोक्याचा संबंध नव्हता. पण माणूस कोसळला की बाजूला उभ्या असलेल्यांपैकी कोणाला काय करायचं माहीत आहे, हा प्रश्न तोच.

वाळवंटीकाठची
सगळं दोनदा वाचलं. काल कोचना फोन केला. आधी चिडले, "सगळ्यांना बाहेर बसवलं तर टीम कुठून आणू?" म्हणाले. मग स्वतःच म्हणाले, "तुम्हीच या ना, लाईनवर बसा. कोण पडला, कोण कसा उठला ते बघा." डॉक्टरनी परवानगी दिली आहे, गुरुवारी घेऊन जातेय. सध्या फक्त पासिंग, हेडिंग नाही. चढाईताई, तुमचं वाचून मुलाला विचारलं, त्या दिवशी मान का हलवलीस? म्हणाला, बदलीला जो उभा होता तो माझ्याहून बरा खेळतो.

स्टॉपरबाब, नवऱ्याला लहान मापाचं हेल्मेट आणायला पाठवलंय. तो तुमच्या नावाने बोटं मोडतोय.

फोंड्याचा स्टॉपर
मोडू दे. गुरुवारी पाऊस आहे, छत्री घेऊन बसा. आणि तो बदलीचा पोरगा कोण, जरा कळवा.