चर्चमध्ये वल्हांडणाचं जेवण: आपलं की उसनं?

भाकर_आणि_पेला:
यंदा पवित्र गुरुवारी, गुड फ्रायडेच्या आदल्या रात्री, आमच्या मंडळीत यहुदी सेदेरसारखं जेवण ठरलंय. सेदेर म्हणजे वल्हांडणाच्या, मिसरातल्या (इजिप्तमधल्या) गुलामीतून सुटकेच्या सणाचं, घरचं विधीचं जेवण. मात्सा (बिनखमिराची, न फुगवलेली भाकर), कडू भाजी, मिठाचं पाणी, चार पेले. पाळकसाहेबांनी वाटलेल्या कागदात लिहिलंय, मात्सावरचे पट्टे म्हणजे ख्रिस्ताच्या अंगावरचे वळ आणि भोकं म्हणजे खिळे. अहो, भोकं भाकर फुगू नये म्हणून पाडतात! बायबलात 1 करिंथ 5:7 मध्ये प्रेषित पौल सांगतो की आपला वल्हांडणाचा कोकरा ख्रिस्त आहे आणि त्याचं अर्पण झालं आहे. मग हे पुन्हा मांडायचं कशाला? आपला वल्हांडण दर महिन्याला प्रभुभोजनाच्या मेजावर असतोच.

नगरची_लेक:
दादा, सातवं वचन वाचलंत आणि आठव्याला पुस्तक मिटलंत? जुन्या खमिराने नव्हे, बिनखमिराच्या भाकरीने आपण सण पाळू या, असं तो लगेच म्हणतो. आणि त्या मेजावर आपण काय मोडतो? बेकरीचा पाव. पक्का खमिराचा! मी रविवारशाळेत निर्गम 12, म्हणजे पहिल्या वल्हांडणाची गोष्ट, शिकवते. कोकऱ्याचं रक्त, दाराची चौकट, प्रथमजन्मलेले... मुलं ऐकतात आणि विसरतात. गेल्या वर्षी प्रत्येकाला कच्च्या कारल्याची चकती दिली. एक पोरगा तोंड वाकडं करून म्हणाला, "गुलामांना रोज हेच खावं लागायचं का?" मग अर्धा तास आम्ही मिसरातल्या विटांवरच बोललो.

भाकर_आणि_पेला:
आठव्या वचनातलं खमीर म्हणजे वाईटपणा. पौल करिंथच्या मंडळीतल्या व्यभिचारावर बोलतोय, ताटात काय वाढायचं यावर नाही. कारलं खुशाल द्या, ती शिकवणी झाली. सेदेर ही दुसऱ्याची उपासना आहे.

जुना_वाचक:
आणि येशूने हा सेदेर असा पाळलाच नव्हता. त्याच्या काळी सणाचा गाभा म्हणजे मंदिरात कापलेला कोकरा. इ.स. 70 मध्ये मंदिर पाडलं गेलं, कोकरा कापायची जागाच गेली, आणि सण घरच्या मेजावर आला. आजच्या सेदेरचा सांगाडा मिश्नात, यहुदी नियमांच्या जुन्या संग्रहात, दिसतो, म्हणजे साधारण इ.स. 200. त्यात योहान 19:14 प्रमाणे वधस्तंभाचा दिवस हा वल्हांडणाच्या तयारीचा, म्हणजे आदल्या रात्रीचं भोजन वल्हांडणाचं नव्हेच. मत्तय, मार्क, लूक मात्र ते वल्हांडणाचंच म्हणतात. (हा गुंता इथे सोडवायला घेऊ नका, विद्वान थकलेत.)

कोट्टयमची_सून:
माझ्या सासरी, केरळात, सुरियानी ख्रिस्ती घरांत पवित्र गुरुवारी रात्री पेसहा अप्पम करतात. तांदूळ-उडदाचं, पीठ न आंबवता, वर झावळीच्या पातीचा क्रूस. घरातला कर्ता ते मोडून वाटतो, सोबत गूळ घातलेलं नारळाचं दूध. पेसहा म्हणजे हिब्रूतला पेसाह, आपला वल्हांडणच की. माझ्या सासऱ्यांना कुणी "उसनं" म्हणून दाखवा!

जुना_वाचक:
ताई, ते घराघरांत पिढ्यान्‌पिढ्या मुरलंय. इथे कागद छापून आलाय. फरक आहे.

नगरची_लेक:
मुरायला कधीतरी सुरुवात करावीच लागते ना?

अलिबागकडचा:
मी ख्रिस्ती नाही, बेने इस्राएल, म्हणजे कोकणातला यहुदी आहे. कोकणात आम्हाला धर्मावरून कुणी छळलं नाही, हे आधी सांगतो. पण युरोपात 1144 साली नॉर्विचला एक मुलगा मेला, त्याचा आळ यहुद्यांवर आला, आणि पुढे शतकानुशतकं पेसाह जवळ आला की "ख्रिस्ती पोरांचं रक्त घेतात" ही अफवा उठायची. त्यात माणसं मारली गेली. म्हणून आमचं ताट चर्चमध्ये मांडून, त्यातल्या भोकांचा अर्थ आम्हालाच समजावला की पोटात कसंतरी होतं. तुमच्या कोकऱ्याबद्दल माझी तक्रार नाही, तो तुमचा विश्वास. सेदेर बघायचाच असेल तर घरी या, पाहुण्याला आम्ही नाही म्हणत नाही.

नगरची_लेक:
भाऊ, बारा मुलं आहेत माझ्याकडे. येताना काय आणू?

अलिबागकडचा:
काहीही आणा ताई, पाव सोडून.