सी ड्राइव्ह भरला, पण फोल्डरांची बेरीज जुळत नाही. ७३ जीबी गेले कुठे?

टाचणी
विंडोज ११, रॅम १६ जीबी, २५६ जीबीची एसएसडी आणि एकच सी ड्राइव्ह. पट्टी लाल झाली आहे, २३७ पैकी ६ जीबी शिल्लक. सी उघडून सगळं सिलेक्ट केलं आणि प्रॉपर्टीज बघितल्या तर बेरीज येते १५८ जीबी. मग वापरलेले २३१ कसे? हिडन फाइल्स दाखवायचं सेटिंग चालू आहे. टेम्प फोल्डर रिकामा केला, जेमतेम १ जीबी सुटला. आणि २५६ची डिस्क २३७च का दाखवते?

आंबेमोहर
शेवटचा प्रश्न आधी. डिस्क बनवणारे १ जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरतात. विंडोज १०२४ × १०२४ × १०२४ धरतं. त्या हिशेबाने २५६चे २३८ होतात, आणि बूट व रिकव्हरीच्या छोट्या पार्टिशनांत आणखी थोडी जागा जाते. इथे काही हरवलेलं नाही.

बेरीज न जुळण्याचं कारण वेगळं. 'हिडन आयटम्स' चालू केलं तरी सिस्टमच्या संरक्षित फाइल्स दिसत नाहीत, त्यांचा पर्याय फोल्डर ऑप्शन्समध्ये निराळा असतो. जे दिसत नाही ते सिलेक्टही होत नाही. शिवाय काही फोल्डर वाचायची परवानगी तुमच्या अकाउंटला नसते. एक्सप्लोरर ते गुपचूप शून्य धरतो. म्हणून एक्सप्लोररच्या बेरजेवर विसंबून काहीही उडवू नका.

विझट्री नावाचं टूल घरगुती वापराला फुकट आहे. त्यावर राइट क्लिक करून 'रन अॅज अॅडमिनिस्ट्रेटर'नेच उघडा. ते एकेक फोल्डर चाळत बसत नाही, एनटीएफएसची (विंडोजची डिस्कवर फाइल्स मांडायची पद्धत) मास्टर फाइल टेबल, म्हणजे सगळ्या फाइल्सची यादी, थेट वाचतं, त्यामुळे काही सेकंदांत खरा आकडा समोर येतो. सी ड्राइव्हच्या मुळाशी सगळ्यात मोठ्या गोष्टी कोणत्या दिसतात ते इथे टाका. तोवर काही डिलीट करू नका.

टाचणी
मुळाशी हे निघालं:
सिस्टम व्हॉल्यूम इन्फर्मेशन – ४४ जीबी
पेजफाइल – १६ जीबी
हायबरफिल – ६.३ जीबी
रिसायकल बिन – ४ जीबी
बाकी किरकोळ. युजर्सच्या आत अॅपडेटा (प्रोग्रॅम आपली माहिती ठेवतात तो फोल्डर) ४१ जीबी आहे. विंडोज फोल्डरमधला विन-एस-एक्स-एस १४ जीबी दाखवतोय, तो उडवू का?

आंबेमोहर
विन-एस-एक्स-एसला हात लावू नका, त्यात विंडोजच्या स्वतःच्या सिस्टम फाइल्स असतात. त्यातल्या बऱ्याच फाइल्स हार्ड लिंक आहेत: डिस्कवर फाइल एकच, पण ती विंडोजच्या सिस्टम-३२ फोल्डरमध्येही दिसते आणि इथेही. साधी बेरीज करणारा तिला दोनदा मोजतो, म्हणून आकडा फुगलेला वाटतो. हाताने काही काढलं तर पुढची अपडेट अडकते. त्यातला खरोखर जुना भाग काढायला डिस्क क्लीनअप उघडून 'क्लीन अप सिस्टम फाइल्स' दाबा आणि 'विंडोज अपडेट क्लीनअप'वर टिक करा. 'विंडोज-ओल्ड' फोल्डर असेल तर तोही इथूनच जातो. मोठ्या अपडेटनंतर तो १० दिवसांनी आपोआपही निघतो. याद्या न वाचता सगळीकडे टिक मात्र करू नका. सेटिंग्जमधल्या 'टेम्पररी फाइल्स'च्या यादीत 'डाउनलोड्स'ही असतं, आणि ती तुमची स्वतःची कागदपत्रं असतात.

विंडोजमधला 'इन्स्टॉलर' फोल्डरही तसाच सोडायचा. तिथल्या फाइल्स गेल्या की ऑफिससारखे प्रोग्रॅम ना अपडेट होत, ना अनइन्स्टॉल.

सुतारपक्षी
खरा चोर सापडलाय, ४४ जीबीवाला. सिस्टम व्हॉल्यूम इन्फर्मेशनमध्ये रिस्टोअर पॉइंट्स असतात, म्हणजे काही बिघडलं तर विंडोज ज्या जुन्या स्थितीवर परत नेता येतं तिच्या नोंदी. ड्राइव्हवरचा एखादा ब्लॉक बदलला की त्याची जुनी प्रत इथे जपली जाते. ठरवलेली मर्यादा गाठेपर्यंत हे वाढत राहतं, आणि तुमच्याकडे ती मर्यादा कधीतरी फार वर नेलेली दिसते.

सेटिंग्ज → सिस्टम → अबाउट → सिस्टम प्रोटेक्शन. सी निवडून 'कॉन्फिगर' दाबा. 'मॅक्स युसेज'ची पट्टी ५ टक्क्यांवर आणा, म्हणजे सुमारे १२ जीबी. अप्लाय केलं की सर्वांत जुने पॉइंट आधी जातात, ताजे राहतात. शेजारचं 'डिलीट' बटण मात्र सगळेच पॉइंट पुसतं, ते नको. एखादं बॅकअप सॉफ्टवेअर चालू असेल तर आधी त्याचं काम पूर्ण होऊ द्या, तेही हीच यंत्रणा वापरतं.

हायबरफिल ही हायबरनेटची फाइल (उघडं काम डिस्कवर लिहून मशीन पूर्ण बंद करणं म्हणजे हायबरनेट). ती रॅमच्या साधारण ४० टक्के असते, म्हणून ६.३. हायबरनेट कधीच वापरत नसाल तर अॅडमिन कमांड प्रॉम्प्टवर 'पॉवरसीएफजी /एच /टाइप रिड्यूस्ड' द्या (टाइप इंग्रजीतच करायचं: powercfg /h /type reduced). फाइल अर्धी होते आणि फास्ट स्टार्टअप (मशीन झटपट सुरू होण्याची सोय) शाबूत राहतं. '/एच ऑफ' दिलंत तर पूर्ण ६ जीबी सुटतात, पण फास्ट स्टार्टअपही जातं. लॅपटॉप बॅटरीवर बराच वेळ झोपवून ठेवायची सवय असेल तर मुळीच करू नका. बॅटरी संपताना उघडं काम वाचवणारी हीच फाइल.

पेजफाइल म्हणजे रॅमच्या जोडीला विंडोज डिस्कवर वापरतं ती फाइल. ती बंद करा असा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. १६ जीबी रॅम पुरेशी वाटते, पण प्रोग्रॅम जेवढी मेमरी राखून ठेवतात तिची हद्द रॅम अधिक पेजफाइल अशी असते. पेजफाइल गेली की रॅम रिकामी दिसत असतानाही ब्राउझर 'आउट ऑफ मेमरी' म्हणून बंद पडतो.

टाचणी
पट्टी ५ टक्क्यांवर आणली, हायबरफिल अर्धी केली, रिसायकल बिन रिकामा केला. शिल्लक ६ वरून ४५ जीबी! अॅपडेटा उघडला तर त्यात 'मोबाइलसिंक'च्या आत २७ जीबी आहेत. आणि फोटो वनड्राइव्हवर चढलेलेच आहेत, मग इथले डिलीट केले तर चालेल?

सुतारपक्षी
मोबाइलसिंक म्हणजे आयफोनचे बॅकअप. एक्सप्लोररमधून फोल्डर उडवू नका. आयट्यून्स असेल तर एडिट → प्रेफरन्सेस → डिव्हाइसेस. तिथे प्रत्येक बॅकअप कोणत्या फोनचा, कोणत्या तारखेचा ते कळतं. जो फोन आता वापरात नाही त्याचाच काढा. एसएसडीवर पुसलेलं परत मिळेल यावर विसंबायचं नाही, ट्रिममुळे (पुसलेली जागा मोकळी झाली हे विंडोज एसएसडीला कळवतं ती सोय) ते ब्लॉक लगेच साफ होतात.

आंबेमोहर
फोटोंचं नीट वाचा, इथे लोकांचे अल्बम जातात. वनड्राइव्हच्या फोल्डरात 'डिलीट' केलं की ते क्लाउडवरून आणि तुमच्या बाकी उपकरणांवरूनही जातं. तुम्हाला हवा आहे राइट क्लिकवरचा 'फ्री अप स्पेस'. आधी फोटोपाशी हिरवी बरोबरची खूण आहे ना बघा; सिंक अर्धवट असेल तर थांबा. पर्याय दिल्यावर खुणेच्या जागी निळा ढग येतो. मग एखाद्या फोटोच्या प्रॉपर्टीज उघडा: 'साइज' पूर्वीइतकाच, 'साइज ऑन डिस्क' शून्य. फोटो नावाला इथे आहे, उघडाल तेव्हा उतरेल, त्यासाठी नेट लागेल. रोज लागणाऱ्या फोल्डरवर 'ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस' ठेवा, बाकी वर्षांचे फोटो ढगात जाऊ द्या.