मदत हवी आहे: पाखाडी आणि जेटी व्हीलचेअरच्या नकाशावर कशी दाखवायची?

मंडळी नमस्कार. धागा लांबणार आहे, पण अर्धवट सांगून काही उपयोग नाही म्हणून सगळंच लिहिते.

आम्ही गुहागर तालुक्यातले. माझा दादा सहा वर्षांपूर्वी हापूसच्या कलमावरून पडला. मे महिना होता, शेंड्याकडचे शेवटचे आंबे उतरवायचे राहिले होते, फांदी मोडली आणि तो पाठीवर आपटला. मणक्याला मार बसला, तेव्हापासून व्हीलचेअर. आमचं घर रस्त्याच्या खाली वाडीत आहे आणि रस्त्यापासून घरापर्यंत जांभ्याची पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट, ३४ पायऱ्या. मुंबईचे पाव्हणे आले की पाखाडीवर बसून फोटो काढतात, आणि दादाला वर न्यायचं तर चार माणसं लागतात, दोन पुढे दोन मागे, खुर्चीसकट उचलून. पावसात चिऱ्यांवर शेवाळ धरलं की तेही बंद. जून ते सप्टेंबर तो ओटीवरच असतो.

गेल्या वर्षी त्याला व्हीलमॅप सापडलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, बर्लिनच्या राऊल क्राउटहाउझेन यांनी, ते स्वतः व्हीलचेअर वापरतात, २०१० मध्ये सुरू केलेला नकाशा आहे, कोणीही भरू शकतं. दुकान, बँक, स्टँड जे काही असेल त्याला हिरवा रंग म्हणजे खुर्ची सरळ आत जाते, पिवळा म्हणजे एखादी पायरी आहे पण ७ सेंटिमीटरच्या आतली, लाल म्हणजे जात नाही. आणि राखाडी म्हणजे कोणी बघितलंच नाही अजून. दादाने आमचा भाग उघडला तर सगळा राखाडी. त्या दिवसापासून तो झपाटल्यासारखा बसलाय, मी गाडीवरून जाऊन फोटो आणि मापं आणते, तो भरतो.

त्यातून त्याची ओळख चार-पाच जणांशी झाली, नेपाळ, केनिया, जर्मनी, केरळ, सगळे व्हीलचेअरवरचे. एक रविवार सोडून व्हिडिओ कॉल असतो. इंग्रजी दादाचं जेमतेम, पण नेपाळच्या त्या दादांना आमची पाखाडी एका फोटोत कळली, त्यांच्याकडेही गावात शिरायचं म्हणजे दगडी पायऱ्याच. ते म्हणाले आमच्याकडे चौघं नाहीत, पाठीवर घेतात. दादा त्या दिवशी कॉल संपल्यावर बराच वेळ गप्प होता, आणि मग म्हणाला, उद्या टेप घेऊन ये, पायऱ्या मोजूया.

आता या सगळ्यांनी ठरवलंय की ३ डिसेंबरला, दिव्यांग दिनाला, प्रत्येकाने आपापल्या गावाचा रिपोर्ट करायचा, फॉर्म सगळ्यांचा एकच, म्हणजे शेजारी शेजारी ठेवून बघता येईल. इथे आमचं घोडं अडलंय. फॉर्म जर्मनीच्या ताईंनी केलाय, त्यात फूटपाथची उंची किती, कडेला उतार आहे का, लिफ्टचं दार किती रुंद. अहो आमच्याकडे फूटपाथच नाही तर उंची कसली लिहू? आणि जे आहे त्याला रकाना नाही. पाखाडीची एक पायरी १२ सेंटिमीटर तर पुढची २०, तिला काय म्हणायचं?

त्याहून अवघड म्हणजे धोपाव्याची जेटी. दापोलीला डॉक्टरकडे जाताना आम्ही धोपावे-दाभोळ फेरीबोटीने जातो, कारण रस्त्याने चिपळूणवरून फिरून जायचं तर दादाला एवढा वेळ बसवत नाही. बोटीची फळी खाली येते आणि गाड्या चढतात तशी खुर्चीही चढते, पायरी एकही नाही, म्हणजे हिरवा. पण हे भरतीला. ओहोटीला बोट खाली लागते, तेव्हा उतार लांब होतो आणि खालचा भाग नुकताच पाण्यातून वर आलेला, चिकट बुळबुळीत. मागच्या महिन्यात मी मागून धरलेली खुर्ची माझ्यासकट घसरली, एका खलाशाने धावत येऊन चाकाला पाय लावला म्हणून वाचलो. मग ही जेटी हिरवी का लाल? सकाळी हिरवी आणि दुपारी लाल असं लिहायची सोय आहे का?

तर मदत हवी ती ही की हे नकाशात कसं भरायचं कोणी सांगेल का, म्हणजे पाखाडी आणि जेटी दोन्ही. दुसरं म्हणजे या रिपोर्टचा आमच्या ग्रामपंचायतीत काही उपयोग करून घेता येईल का, कारण आत्तापर्यंत तोंडी सांगून काही झालेलं नाही. आणि एक, जर्मनीच्या ताई म्हणतायत की आम्ही पैसे जमवून पाठवतो, तुम्ही पाखाडीला रॅम्प करा. वाडीच्या मंडळाचं बँकेत खातं आहे, त्यात घेतले तर चालतील का?

नकाशावेडा, चिपळूण
ताई, व्हीलमॅपचा डेटा ओपनस्ट्रीटमॅप या सगळ्यांनी मिळून भरलेल्या खुल्या नकाशात बसतो, तर तिथेच थेट भरा, तिथे रकाने खूप आहेत. पाखाडीची रेघ काढून 'हायवे=स्टेप्स' द्या, 'स्टेप_काउंट=३४', कठडा आहे नाही तेही येतं. नावात बिनधास्त 'पाखाडी' लिहा, मराठीत. जेटीला 'लिमिटेड', म्हणजे पिवळा, द्या आणि 'व्हीलचेअर:डिस्क्रिप्शन' म्हणून रकाना आहे त्यात तुम्ही आत्ता लिहिलंत तेच लिहा, भरतीला सरळ जाते, ओहोटीला शेवटचे अमुक मीटर बुळबुळीत, मदतनीस लागतो. त्याच रकान्याच्या शेवटी 'एमआर' लावलंत की मराठी वेगळं ठेवता येतं, इंग्रजी वेगळं. फक्त हिरवा देऊ नका, एखादा एकटा येईल आणि फसेल.

मालवणची बाय
मी पोलिओची, कुबड्या आणि आता खुर्ची. दादांना सांगा पाखाडीला रॅम्प हा हट्ट धरू नका. हिशोब करा, ३४ पायऱ्या, सरासरी १५ सेंटिमीटर धरली तर पाच मीटरच्या वर चढ झाला. रॅम्पचा नियम एकास बाराचा, म्हणजे ६० मीटरच्या वर लांबी, शिवाय मध्ये मध्ये टेकायला सपाट जागा. पाखाडीच्या बाजूला एवढी जागा कुठून येणार. आमच्याकडे शेवटी मळ्याच्या बाजूने, बांधाला धरून रिक्षा येईल एवढी वाट केली, लांबून येते पण घराच्या मागच्या दारात येते. पाखाडी आहे तशी राहिली, त्यामुळे वाडीतलं कोणी विरोधात गेलं नाही. आणि फॉर्मचं म्हणाल तर तो तुम्हीच बदला की. ताईंना सांगा की पाखाडी, बांध, साकव, जेटी एवढे रकाने वाढवा. फॉर्म सगळ्यांचा आहे तर त्यात नेपाळच्या दादांचंही गाव बसायला हवं आणि तुमचंही.

निवृत्त ग्रामसेवक
पैशाचं आधी. घेऊ नका. परदेशातून संस्थेला किंवा मंडळाला देणगी घ्यायची तर २०१० चा एफसीआरए कायदा लागतो, नोंदणी किंवा आधी परवानगी पाहिजे आणि पैसे आधी दिल्लीच्या स्टेट बँकेतल्या ठरलेल्या शाखेतच यावे लागतात. मंडळाच्या साध्या खात्यात आले तर चांगल्या कामात पोरं अडकतील.

पैसा गावातच आहे. ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. बऱ्याच ठिकाणी मार्चमध्ये थोडे थोडे वाटून संपवतात. वाटण्याला माझी ना नाही, गरिबाला हजार रुपयेही मोठे असतात, पण वाटेसाठी मागणी लेखी गेलीच नाही तर कोण ठेवणार. मागच्या तीन वर्षांचा खर्च माहितीच्या अधिकारात मागा. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेला विषय घ्यायचा अर्ज आधी द्या, पोच घ्या. सोबत तुमची मापं आणि फोटो जोडा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचा उल्लेख करा, आणि सुप्रीम कोर्टाने ८ नोव्हेंबर २०२४ ला राजीव रतुरी केसमध्ये सांगितलंय की सुगम्यतेचे नियम नुसते सल्ला म्हणून ठेवून चालणार नाहीत, बंधनकारक करा, तेही लिहा. तिथे दाद नाही लागली तर पुण्याला दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे.

आणि बाहेरच्या मित्रांचा उपयोग पैशापेक्षा दुसरा आहे. भारताने युनोचा दिव्यांग हक्क करार २००७ मध्ये मान्य केला, त्यात कलम ३२ आंतरराष्ट्रीय सहकार्याचंच आहे. व्यक्तीला थेट या कराराच्या युनोतल्या समितीकडे तक्रार करायचा जो जोडकरार आहे तो आपण स्वीकारलेला नाही, पण देशाचा अहवाल समितीपुढे येतो तेव्हा संघटना आपली बाजू लिहून देऊ शकतात, २०१९ ला भारताचा आला होता. तुमच्या पाच गावांची एकसारखी मापं अशा ठिकाणी उपयोगी पडतील. जपून ठेवा, तारखेसकट.

धागाकर्ती
सगळ्यांचे मनापासून आभार. दादाला सगळं मोठ्याने वाचून दाखवलं. मालवणच्या ताई, तुमचा साठ मीटरचा हिशोब ऐकून तो आधी खट्टू झाला, मग स्वतःच म्हणाला की मागे काकांच्या मळ्याचा बांध आहे, तिकडून वाट होईल. काकांशी आमचं बोलणं तसं कमी आहे, पण आज संध्याकाळी आई जाणार आहे त्यांच्याकडे.

ग्रामसेवक काका, पैशाचं वेळेवर सांगितलंत. जर्मनीच्या ताईंना कळवलं, त्यांना वाईट वाटलं पण समजलं. फॉर्ममध्ये 'पाखाडी' शब्द तसाच ठेवूया म्हणाल्या, खाली अर्थ देऊ. नेपाळच्या दादांनी त्यांचा शब्द पाठवलाय तोही घेतला.

उद्या भरती आणि ओहोटी दोन्ही वेळेला धोपाव्याला जाऊन उतार मोजते. दापोलीकडचं कोणी असेल तर दाभोळच्या बाजूचं मोजून देईल का? टेप आणि फोन एवढंच लागतं, ओहोटीला चपला घालून जाऊ नका, अनवाणी पाय धरून राहतात.