मदत हवी आहे: रॅम वाढवून एक्स्पो लावला, आता पीसी सुरूच होत नाही

शटरवाला:
नमस्कार मंडळी,
लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो. पीसी असा आहे: रायझन ५ ७६००, बी६५० चिपसेटचा बोर्ड, डीडीआर५ रॅमच्या १६ जीबीच्या दोन स्टिक, ६००० सीएल३०. एक्स्पो (रॅम पाकिटावरच्या वेगाने चालवणारं बायोसमधलं तयार प्रोफाइल) लावून ६००० वर आजवर काही तक्रार नव्हती. फोर-केला ३२ जीबी पुरेना, म्हणून त्याच मॉडेल नंबरची आणखी एक जोडी घेऊन मोकळ्या स्लॉटात बसवली. डीफॉल्टला विंडोज नीट आलं, ६४ जीबी दिसली. बायोसमध्ये जाऊन एक्स्पो लावला, सेव्ह केलं, आणि तेव्हापासून स्क्रीन काळी. पंखे फिरतात, बोर्डावरचा 'डीरॅम' लिहिलेला दिवा पेटून राहतो. दोनेक मिनिटं थांबून बटण दाबून बंद करतो, पुन्हा तेच. दुकानदार म्हणतो बोर्ड गेला, बदला. खरंच गेला असेल का? आणि बायोसच दिसत नाही तर एक्स्पो काढायचा कसा? शनिवारी एका पार्टीला व्हिडिओ द्यायचाय.

खटपट्या:
बोर्ड बदलू नका हो! डीफॉल्टला चारही स्टिकवर विंडोज आलं म्हणता ना, मग बोर्ड, स्लॉट, रॅम सगळं जिवंत आहे. डीडीआर५ मध्ये रॅमची सेटिंग बदलली की बोर्ड आधी 'ट्रेनिंग' करतो, म्हणजे कुठल्या स्टिकशी कुठल्या टायमिंगला बोलायचं ते चाचपून ठरवतो. तेवढा वेळ स्क्रीन काळी आणि तोच दिवा पेटलेला. ६४ जीबीला हे काही मिनिटं चालतं. तुम्ही मध्येच बंद करता, त्यामुळे ते पहिल्यापासून सुरू होतं. एकदा चालू करून पंधरा मिनिटं हात लावू नका.

शटरवाला:
जेवून आलो तरी दिवा पेटलेलाच.

खटपट्या:
मग सीमॉस क्लिअर करा, म्हणजे बायोसच्या सगळ्या सेटिंग पुसून डीफॉल्टला येतील. पीसी बंद, मागची पॉवरची वायर काढा, पॉवर बटण थोडा वेळ दाबून धरा म्हणजे उरलासुरला करंट निघून जाईल. बोर्डावर सीमॉस क्लिअरच्या दोन पिना असतात, मॅन्युअलमध्ये जागा दाखवलेली असते. स्क्रूड्रायव्हरचं टोक दोन्हींना दहाएक सेकंद टेकवून धरा. पिना सापडल्या नाहीत तर सीआर२०३२ चा गोल सेल काढून पाच मिनिटांनी परत बसवा. काही वेळा यानंतर विंडोज बिटलॉकरची (डिस्कला कुलूप लावणाऱ्या सोयीची) रिकव्हरी की मागतं. ती मायक्रोसॉफ्ट खात्यात सेव्ह आहे का, ते आधी मोबाइलवर पाहून ठेवा.

टर्बो_तात्या:
एवढं कशाला? पीसी आला की एसओसी व्होल्टेज (प्रोसेसरमधल्या रॅम सांभाळणाऱ्या भागाला मिळणारं) १.४ करा, ६००० पण चालेल.

खटपट्या:
तात्या, कृपा करून असले सल्ले देऊ नका. २०२३ मध्ये काही रायझन ७००० प्रोसेसर जळाले, तेव्हा एएमडीने बायोस अपडेटमधूनच एसओसीला १.३ व्होल्टची मर्यादा घातली. ती विनाकारण नाही घातली.

शटरवाला:
सेल काढून घातला, थोड्या वेळाने बायोस आलं! जीव भांड्यात पडला. पण रॅमचा वेग ३६०० दाखवतोय. हे काय?

खटपट्या:
बरोबर दाखवतोय. तुमच्या प्रोसेसरसाठी एएमडीचा अधिकृत वेग दोन स्टिकला ५२०० आणि चार स्टिकला ३६०० आहे. ६००० हा मुळात ओव्हरक्लॉकच, पाकिटावर छापला म्हणून तो कंपनीचा शब्द होत नाही. शिवाय ते प्रोफाइल दोन स्टिकच्या जोडीवर तपासलेलं असतं. एका चॅनलवर दोन स्टिक आल्या की मेमरी कंट्रोलरवर भार वाढतो, आणि मॉडेल नंबर तोच असला तरी आतल्या चिप वेगळ्या बॅचच्या, कधी वेगळ्या कंपनीच्याही निघतात.

शनिवारचं काम ३६०० वरच उरका. एडिटिंगला रॅम कमी पडून डिस्कवर भार जाण्यापेक्षा हळू रॅम कधीही परवडली. नंतर हवं तर बायोस अपडेट करून हाताने ४८००, मग ५२०० लावून बघा. प्रत्येक वेळी मेमटेस्ट८६ हे रॅम तपासणारं सॉफ्टवेअर पेनड्राइव्हवरून रात्रभर चालवा. एक जरी एरर आली तरी खाली या. विंडोज सुरू होतंय म्हणजे रॅम ठीक, असं नसतं. अर्धवट स्थिर रॅमवर रेंडर केलं तर फाइल गुपचूप खराब होते, आणि कळतं ते पार्टीने पेनड्राइव्ह टीव्हीला लावल्यावर.

६००० च हवं असेल तर चारही विकून ३२ जीबीच्या दोन स्टिकची एकच जोडी घ्या. प्रोसेसरकडून मोजत दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटात लावा.

शटरवाला:
धन्यवाद! रेंडर लावलाय, ३६०० वर. आधी टाइमलाइन अडखळायची, ती आता सरळ पळतेय. नवीन जोडी परत घेतील का, ते सोमवारी दुकानात विचारतो. बिल आणि खोकं ठेवलंय.

टर्बो_तात्या:
परत नाही घेतली तर मला सांगा, माझ्या पीसीचे दोन स्लॉट रिकामे आहेत.

खटपट्या:
तात्या...