आईवडील एप्रिल ते सप्टेंबर इथे असताना इंग्लंडच्या खेड्यापाड्यांतले, हंगामातले काय खाऊ घालावे?

रानवाटा (प्रश्न)

आम्ही कॉव्हेंट्रीजवळ राहतो. माझे आईवडील एप्रिलच्या मध्यास वाईहून येत असून सप्टेंबर संपेपर्यंत आमच्याकडे राहणार आहेत. वडिलांनी जन्मभर शेती केली. मागच्या खेपेस आम्ही त्यांना लंडनमधील सगळी नावाजलेली ठिकाणे दाखवली, परंतु निघताना ते एवढेच म्हणाले, की इथली माणसे काय पिकवतात ते काही पाहायला मिळाले नाही. ते वाक्य तेव्हापासून माझ्या मनात घर करून आहे. दुकानांत बाराही महिने सर्व काही मिळत असल्यामुळे, सात वर्षे राहूनही इथे कोणत्या महिन्यात काय येते हे मला सांगता येत नाही. दोघेही शाकाहारी आहेत. त्यांना कुठे न्यावे, आणि रानातून किंवा कुंपणावरून काही खुडून आणणे कायद्याने चालते का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

एव्हनकाठ

तुमच्यापासून गाडीने सुमारे तासाभरावर ईव्हशॅमचे खोरे आहे, आणि तुमचे वडील येतील तेव्हा तिथे ॲस्परॅगसचा हंगाम नुकताच सुरू होत असेल. परंपरेने तो 23 एप्रिलला, म्हणजे सेंट जॉर्जच्या दिवशी सुरू होतो आणि 21 जूनच्या सुमारास संपतो. ही वनस्पती आपल्या शतावरीच्याच प्रजातीतली आहे. आपण औषधासाठी शतावरीची मुळे घेतो, पावसाळ्याच्या तोंडी काही भागांत तिचे कोवळे कोंब भाजीलाही खुडले जातात. इथे मात्र कोंबासाठीच तिची शेती होते. त्यामुळे तुमच्या वडिलांना ती परकी वाटणार नाही.

त्यांना शेतावर अवश्य न्या, कारण या पिकाची रीत शेतकऱ्याला पाहण्यासारखी आहे. गड्डे लावल्यानंतर पहिली दोन वर्षे कोंबांना हात लावत नाहीत. पुढे वाफा दहाएक वर्षे उत्पन्न देतो, पण प्रत्येक कोंब माणसाला वाकून सुरीने कापावा लागतो, आणि ऊबदार दिवसांत कोंब इतक्या झपाट्याने वाढतात, की एक दिवस खाडा केला तरी ते हाताबाहेर जातात. जूनमध्ये कोंब येत असूनही कापणी थांबवली जाते, ती उरलेल्या कोंबांना पिसाऱ्यासारखी पालवी फुटून तिच्या जोरावर गड्ड्यात पुढच्या वर्षाची शिदोरी साठावी म्हणून. माझ्या शेजारच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याने मला हे सांगितले तेव्हा हंगाम एवढा आखूड का, हे पहिल्यांदा उमगले.

मे अखेरीस ब्रेटफोर्टन गावातील फ्लीस इन या, नॅशनल ट्रस्टच्या (जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेच्या) मालकीच्या जुन्या पबमध्ये ॲस्परॅगसच्या जुड्यांचा लिलाव होतो, तोही दाखवता येईल. खाण्याविषयी एकच आग्रह आहे: शेताच्या फाटकापाशी त्याच सकाळी कापलेली जुडी घ्यावी आणि त्याच संध्याकाळी शिजवावी, कारण कापल्यापासून कोंबातील साखर कमी होऊ लागते. उकळत्या पाण्यात तीन-चार मिनिटे ठेवून वर लोणी घातले, की आणखी काही लागत नाही. माझी आई मात्र मोहरी-हिंगाची फोडणी देऊन ओले खोबरे पेरते, आणि तेही मला मनापासून आवडते.

हिरवीपायवाट

कायद्याविषयी लिहितो. इंग्लंडमध्ये 1968 च्या चोरीविषयक कायद्यानुसार आपोआप उगवलेल्या वनस्पतींची फळे, फुले, पाने किंवा अळंबी घरच्या वापरासाठी खुडणे ही चोरी ठरत नाही. विकण्यासाठी खुडली तर ठरते. मात्र 1981 च्या वन्यजीव कायद्याने जमिनीच्या मालकाच्या परवानगीवाचून कोणतीही रानवनस्पती मुळासकट उपटण्यास मनाई आहे. शिवाय खुडण्याची मुभा म्हणजे कुणाच्याही शेतात शिरण्याची मुभा नव्हे, आणि संरक्षित क्षेत्रांचे नियम वेगळे असतात. सार्वजनिक पायवाटेवरून हात पोहोचेल तेवढे घ्यावे.

एप्रिल-मे महिन्यांत ओलसर रानांत रानलसणाची रुंद पाने आणि चांदणीसारखी पांढरी फुले अंथरल्यासारखी पसरलेली असतात. ही पाने बेसन पेरून परतली किंवा थालीपिठात चिरून घातली, तर आईवडिलांना कांद्याच्या पातीची आठवण येईल. परंतु इथे फार सावध राहावे, असे मी कळकळीने सांगतो. याच पानांच्या गर्दीत लॉर्ड्स अँड लेडीज नावाची विषारी वनस्पती उगवते. ती अळू-सुरणाच्या कुळातली असून तिच्या रसाने तोंड आणि घसा भाजल्यासारखा होतो. आपण अळवाची खाज चिंचेने मारतो, तो उपाय इथे चालत नाही. लिली ऑफ द व्हॅलीची पानेही रानलसणासारखीच दिसतात आणि तीही विषारी आहेत. मूठभर पाने एकदम ओरबाडू नयेत. एकेक पान पाहून, चुरगळून, वास घेऊन खुडावे. थोड्या वेळाने बोटांनाच लसणाचा वास लागतो, म्हणून केवळ वासावर विसंबू नये. अळंबीच्या वाटेला तर जाणत्या माणसावाचून जाऊच नये.

मेच्या शेवटी एल्डरच्या झुडपांना फुलोरा येतो. त्याचे तुरे साखरेच्या पाकात लिंबाबरोबर दिवसभर भिजवून गाळले, की उत्तम सरबत होते. झाडाची पाने, देठ आणि कच्ची फळे मात्र खाण्याजोगी नसतात.

आंबटगोड

फळांचे मी सांगते, कारण तीस वर्षे मी इथल्या आंबट फळांवर मराठी स्वयंपाक करत आले आहे. वाईच्या माणसाला स्ट्रॉबेरीचे अप्रूप वाटणार नाही, असे समजू नका. महाबळेश्वर-पाचगणीचा हंगाम हिवाळ्यात सुरू होऊन उन्हाळ्याबरोबर संपतो, आणि इथे उघड्या शेतातली स्ट्रॉबेरी जूनमध्ये पिकते. स्वतः तोडून घेण्याच्या शेतावर त्यांना न्या; वाफा, पाणी, वाण यांवर ते तासभर बोलत राहतील.

जून-जुलैमध्ये हिरव्या गूसबेरी घ्या. हा आपला आवळा नव्हे, आणि चवीला ती कैरीच्या अधिक जवळ जाते. देठ आणि टोकावरचा वाळका तुरा खुडून, मोहरी-मेथीच्या फोडणीत गूळ आणि तिखट घालून तिचा मेथांबा करा. फळ लवकर विरघळते, म्हणून गूळ आधी आणि फळ नंतर घालावे. ऑगस्टमध्ये ईव्हशॅमजवळच्या पर्शोर गावी पिवळे प्लम येतात, सप्टेंबरमध्ये श्रॉपशर परगण्याकडे डॅमसन, म्हणजे लहान, आंबट, जांभळे प्लम मिळतात, आणि कुंपणावरच्या ब्लॅकबेरी तर घराजवळच असतील. 29 सप्टेंबरच्या मायकलमस या ख्रिस्ती सणानंतर सैतान त्यांवर थुंकतो, अशी इथली जुनी समजूत आहे. त्या सुमारास ओल आणि बुरशीने फळ खरोखरच बिघडते.

फार्म शॉपविषयीही एक सांगते. नाव शेताचे असले, तरी आत पुष्कळदा परदेशी माल असतो. "यातले तुमच्या शेतातले काय आहे?" असे सरळ विचारावे, खऱ्या शेतकऱ्याला हा प्रश्न आवडतो.

रानवाटा

सर्वांचे मनःपूर्वक आभार. वडिलांना फोनवर शतावरीचे सांगितले, तेव्हा ते बराच वेळ विचारत राहिले. एक शंका आहे: आई गुडघेदुखीमुळे फार चालू शकत नाही. रानलसूण पाहायला जाणे तिला जमेल का?

हिरवीपायवाट

निश्चित जमेल. ओढ्याकाठच्या सपाट गल्ल्यांच्या कडेलाही तो उगवतो. कुत्री फिरवण्याच्या वाटेपासून जरा आतली पाने घ्या आणि घरी तीनदा धुवा. मात्र मेच्या मध्याच्या आत जा, कारण फुले सरली की पाने पिवळी पडू लागतात.