विस्तार शिक्षणात सांगायला मार्क आहेत, ऐकायला का नाहीत?

तिसऱ्या वर्षातला:
कृषी विस्तार, म्हणजे शेतकऱ्यांपर्यंत नवं तंत्र पोहोचवण्याचा विषय. त्याच्या पेपरातला हमखास प्रश्न: नवं तंत्र स्वीकारणाऱ्यांचे पाच गट लिहा. विभागणी एव्हरेट रॉजर्स या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाची, 1962 ची. प्रवर्तक 2.5 टक्के, त्यामागचे 13.5, मग 34, पुन्हा 34 आणि सगळ्यात शेवटी मागे राहणारे 16. घोकून उतरवलं की पैकीच्या पैकी. त्या 16 टक्क्यांतला माणूस मागे का राहिला? पाणी नव्हतं, कर्ज मिळालं नाही, की आपलं तंत्रच त्याच्या जमिनीला लागू नव्हतं? हे कधी विचारलं जात नाही.

प्रॅक्टिकलची तऱ्हा तर विचारूच नका. फ्लिप चार्टवरची अक्षरं केवढी, भित्तिपत्रकात रंग किती, यावर मार्क. शेतकऱ्याला पटवून द्यायच्या नाटुकल्यात शेतकरी झालेला वर्गमित्र वेळेत ‘हो, पटलं’ म्हणून मोकळा होतो. पुढचा नंबर त्याचा असतो आणि तेव्हा शेतकरी आपण असतो! ठाम नाही म्हणणारा शेतकरी अख्ख्या पदवीत भेटत नाही. सांगायला मार्क आहेत, विचारून ऐकून घ्यायला का नाहीत?

थिअरीवाला:
रॉजर्सला उगाच झोडपू नका. नवं ते चांगलंच असं धरून चालणं आणि न स्वीकारणाऱ्यालाच दोष देणं, या शाखेतल्या संशोधनाच्या या दोन्ही खोडी त्यानं स्वतःच लिहून ठेवल्यात. ती टक्केवारी म्हणजे कुणाच्या अकलेचं माप नव्हे. घंटेच्या आकाराच्या वक्राचे प्रमाण विचलनानुसार, म्हणजे सरासरीपासूनच्या अंतरानुसार, पाडलेले तुकडे आहेत ते. वर्गात एवढंच गाळलं जात असेल तर शिकवणं सुधारा, धडा कशाला काढता?

रायन आणि ग्रॉस यांचा 1943 चा अभ्यास काढून वाचा. अमेरिकेतलं आयोवा राज्य, संकरित मका. 259 शेतकऱ्यांपैकी दोघे सोडून सगळ्यांनी शेवटी ते बियाणं घेतलं, पण ऐकल्यापासून पेरेपर्यंत सरासरी 9 वर्षं गेली. पहिली खबर बहुतेकांना विक्रेत्यानं दिली, भरवसा बसला तो शेजाऱ्यामुळे. एवढंही माहीत नसताना शेतात गेलात तर विक्रेत्याचंच काम कराल, तेही कमिशनशिवाय.

कीटकशास्त्रवाली:
उदाहरण छान, पण ते तुमच्याच विरोधात जातंय. भरवसा शेजाऱ्यावर बसतो, तर आम्हाला भाषण करायला का शिकवता?

इंडोनेशियात भातावर तपकिरी तुडतुड्यांचा उद्रेक झाला, तेव्हा फवारण्यांनीच तुडतुडे खाणारे कोळी मारले होते. सरकारनं 1986 मध्ये भातावरच्या 57 कीटकनाशकांवर बंदी घातली आणि 1989 पासून शेतकरी शेतीशाळा सुरू झाल्या. आठवड्यातून एकदा गट शेतात उतरतो, भाताच्या चुडात कीड किती नि कोळी किती ते मोजतो, मोठ्या कागदावर चित्र काढतो आणि फवारायचं की नाही हे आपसात भांडून ठरवतो. तिथं शाळा चालवणाऱ्याचं कसब गप्प राहण्यात असतं. आमच्या पुस्तकात या शेतीशाळांवर एक टीप आहे, पाच मार्कांची.

थिअरीवाला:
ताई, त्याच शाळांवरचा 2004 चा अभ्यासही वाचा. शिकलेल्यांकडून शेजाऱ्यांपर्यंत फारसं काही झिरपलं नव्हतं. पंचवीस जणांसाठी हंगामभर माणूस गुंतवायचा, तर लाखोंपर्यंत पोहोचणार कधी? परवडणार कुणाला?

कीटकशास्त्रवाली:
परवडण्याचंच बोलायचं तर विस्तारतज्ज्ञ डॅनियल बेनॉर यांची ‘प्रशिक्षण आणि भेट’ पद्धत घ्या. जागतिक बँकेच्या कर्जावर देशोदेशी चालली. विस्तार कर्मचाऱ्यानं दर पंधरवड्याला, ठरल्या वारी, ठरलेल्या संपर्क शेतकऱ्याकडे जायचं, वरून आलेला संदेश घेऊन; तो शेतकरी पुढे इतरांना सांगणार. बाहेरचा पैसा आटला आणि पगाराचा बोजा सरकारांना पेलेना. त्या पद्धतीचे फायदे मात्र आम्ही अजून क्रमवार लिहितो.

तिसऱ्या वर्षातला:
थिअरी काढा असं मी म्हटलेलंच नाही. पोस्टरचे मार्क अर्धे करा आणि त्या मार्कांत एक काम द्या: तंत्र नाकारलेल्या एका शेतकऱ्याकडे जायचं, त्याची कारणं त्याच्याच शब्दांत लिहून आणायची, सल्ला द्यायचा नाही. तोंडीत विचारायचं, त्याचं कुठलं कारण तुला खोडता आलं नाही?

थिअरीवाला:
एकेका वर्गात शंभर पोरं. निम्मी हॉस्टेलवर बसून शेतकऱ्याचे शब्द रचतील. तपासणार कोण?

तिसऱ्या वर्षातला:
आत्ताची प्रॅक्टिकलची जर्नलं कोण तपासतं?