सल्ला हवा: एक्सेलमध्ये निविदेतले दर कमाल दरांशी ताडून पाहायला भरवशाचा फॉर्म्युला

कागदी_बाण
एका शीटवर कमाल दरांची यादी, दुसरीवर आलेल्या निविदेतले दर. बाबी ६४०. जिथे दर कमाल दराच्या वर गेलाय तिथे "जास्त" यायला हवं, एवढंच काम. ए मध्ये बाब क्रमांक, बी मध्ये युनिट, सी मध्ये दर. "कमाल" या शीटवरही कॉलम याच क्रमाने. माझा फॉर्म्युला (इथे देवनागरीत लिहितोय, शीटमध्ये अर्थातच इंग्रजीत आहे):

=इफ(सी२>व्हीलुकअप(ए२,कमाल!ए:सी,३),"जास्त","ठीक")

खाली ओढला तर फक्त तीन "जास्त". खूश झालो. मग सहज एका ओळीवर नजर गेली: निविदेत १४५०, यादीत १२००, आणि पुढे "ठीक"! आता उरलेल्या ६३६ "ठीक"वरही विश्वास बसत नाहीये. एक्सेल २०१६ आहे, नवं मिळणार नाही. काय सुचवाल?

आकडेमोड
व्हीलुकअपचा (यादीत बाब शोधून तिचा दर आणणाऱ्या फंक्शनचा) चौथा भाग गाळलाय तुम्ही. तो गाळला की एक्सेल "जवळपासचं" शोधतं आणि यादी चढत्या क्रमाने लावलेली आहे असं धरून चालतं. तुमची तशी नसणार. मग भलत्याच बाबीचा दर उचलला जातो, आणि एररही येत नाही. शेवटी फॉल्स टाका. नव्या आवृत्तीतल्या एक्सलुकअपमध्ये ही भानगड नाही, तो मुळातच तंतोतंत शोधतो. पण २०१६ मध्ये तो नाही.

कागदी_बाण
टाकलं. आता १९ "जास्त" आले आणि बऱ्याच ठिकाणी "एनए"ची (म्हणजे "सापडलं नाही"ची) एरर. ती दिसायला वाईट, म्हणून व्हीलुकअपला इफएररमध्ये (एररच्या जागी आपण सांगू ते दाखवणारं फंक्शन) गुंडाळून रिकामी अवतरणं दिली. पण ती १४५० वाली ओळ अजूनही "ठीक"च म्हणतेय.

जुनी_फाईल
इफएरर आधी काढा! एरर लपवायच्या नादात तुम्ही न सापडलेल्या सगळ्या बाबी पास करून टाकल्यात.

कारण असं की एक्सेलच्या लेखी कुठलाही मजकूर कुठल्याही आकड्यापेक्षा मोठा. रिकामी अवतरणं म्हणजेही मजकूरच. मग "१४५० रिकाम्या मजकुरापेक्षा मोठा आहे का?" याचं उत्तर नाही, म्हणून "ठीक". कमाल दराचा १२०० मजकूर म्हणून बसला असेल तरी तेच. उलट निविदेतला दर मजकूर आणि कमाल दर आकडा असेल तर तो कायम "जास्त" ठरतो. ते निदान लाल होऊन डोळ्यांत तरी भरतं. आणि निविदेत दरच भरला नसेल तर रिकामा सेल शून्य धरला जातो, म्हणजे पुन्हा "ठीक".

१२०० च्या सेलवर इझटेक्स्ट लावून बघा, मजकूर असेल तर ट्रू येईल. एरवी मजकूर डावीकडे चिकटलेला दिसतो, पण कॉलम मध्यभागी घेतला असेल तर तेही कळत नाही.

कागदी_बाण
ट्रू आलं. आणि हो, कॉलम मीच मध्यभागी घेतला होता, छान दिसावा म्हणून 🙈

जुनी_फाईल
मग "ठीक" हे उरलेल्यांचं उत्तर ठेवू नका. दोन्हीकडे खरोखर आकडे असले तरच तुलना, नाहीतर "तपासा". कमाल दर आधी निविदेच्या शीटवर डी मध्ये आणा आणि निकाल ई मध्ये:

=इफ(अँड(इझनंबर(सी२),इझनंबर(डी२)),इफ(राउंड(सी२,२)>राउंड(डी२,२),"जास्त","ठीक"),"तपासा")

डी मध्ये एरर आली तरी "तपासा"च येईल, इफएररची गरज नाही. राउंड अशासाठी की ४१२.५०४ पडद्यावर ४१२.५० दिसतो. ४१२.५० च्या कमाल दरापुढे तो "जास्त" ठरला की दोन्हीकडे सारखा आकडा बघून अर्धा तास डोकं खाजवावं लागतं.

मजकुराचे आकडे करायला "टेक्स्ट टू कॉलम्स" उघडून थेट फिनिश दाबलं की बहुतेक वेळा भागतं. वेबपेजवरून चिकटवलेल्या आकड्यांत मात्र कधीकधी न तुटणारी स्पेस असते, ती जादा स्पेस काढणाऱ्या ट्रिमनेही जात नाही. तिथे =व्हॅल्यू(सब्स्टिट्यूट(सी२,कॅर(१६०),"")), अर्थात कमाल शीटवर वेगळ्या कॉलममध्ये.

मोजपट्टी
युनिटचं कोणी बोललंच नाही. निविदेत ४५ प्रति मीटर आणि यादीत ३८०० प्रति १०० मीटर असेल तर फॉर्म्युला बिनदिक्कत "ठीक" म्हणेल. खरा हिशेब ४५०० विरुद्ध ३८००. म्हणून शोध एकट्या बाब क्रमांकावर नको, क्रमांक आणि युनिट जोडून घ्या. कमाल शीटवर डी मध्ये =ए२&"|"&बी२, आणि निविदेच्या डी मध्ये:

=इंडेक्स(कमाल!$सी$२:$सी$७००,मॅच(ए२&"|"&बी२,कमाल!$डी$२:$डी$७००,०))

डॉलर विसरू नका, नाहीतर ओढताना यादीही खाली सरकते. मॅच पहिलीच जुळणी देतो, तेव्हा एखादी जोडी यादीत दोनदा नाही ना, हे काउंटइफने बघा. आमच्याकडे एकदा जुना आणि सुधारित दर दोन्ही यादीत राहिले होते, जुना वर. दोन दिवस वाद चालला होता.

आकडेमोड
मोजपट्टींना +१. माझ्याकडून एक भर: एफ मध्ये =इफ(ई२="जास्त",सी२/डी२-१,"") घालून टक्केवारी दाखवा. अर्धा टक्का वर आणि चाळीस टक्के वर यांना एकच लाल रंग देण्यात काही हशील नाही.

कागदी_बाण
केलं सगळं. जास्त ३४, तपासा २८, ठीक ५७८. "तपासा"पैकी १७ ठिकाणी एकीकडे "मी" आणि दुसरीकडे "मीटर", ९ ठिकाणी ती न तुटणारी स्पेस (१२०० वाली ओळ यातच), आणि २ बाबी यादीतच नाहीत. स्पेस काढल्यावर १२०० वाली ओळ "जास्त"मध्ये गेली. युनिटं एकसारखी करायला बसतोय. त्या दोन बाबींसाठी मात्र यादी करणाऱ्यालाच फोन करावा लागणार.